फॅलेनॉप्सिसची कुंडी बदलताना: मॉस की साल?

फुलं गळून जातात, दांडा टोकाकडून पिवळा पडत येतो आणि कुंडीच्या काठावरून नव्या मुळांची हिरवी टोकं डोकावायला लागतात. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची कुंडी बदलायला हीच वेळ बरी. आणि दर वेळी प्रश्नही तोच: आत भरायचं काय? हे झाड मातीत लावत नाहीत, एवढं तुम्हाला ठाऊक असणार. मग खरे उमेदवार दोनच उरतात, स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं वाळवलेलं शेवाळ) आणि पाइनच्या सालीचे तुकडे. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि भाजलेल्या मातीच्या गोळ्या मीही हाताळल्या आहेत, पण मत द्यावं इतक्या नाहीत, म्हणून त्यांना बाजूला ठेवतो.

सुरुवातीची तीन वर्षं माझी सगळी झाडं मॉसमध्ये होती, त्यानंतरची पाच वर्षं सालीत आहेत. तेव्हा मी अगदी कोऱ्या मनाने लिहितोय असं नाही. तरी मॉसची बाजू प्रामाणिकपणे मांडायचा प्रयत्न करतो, कारण ती बाजू लंगडी नाही.

वाळलेलं मॉस स्वतःच्या वजनाच्या 15 ते 20 पट पाणी सहज धरतं. त्याच्या पानांत जिवंत पेशींच्या मधोमध मोठ्या, मेलेल्या, भोकं असलेल्या पेशी असतात आणि पाणी त्यांत जाऊन बसतं. त्यामुळे मॉसमधल्या झाडाला मी आठ-दहा दिवसांनी पाणी द्यायचो आणि मधल्या काळात त्याच्याकडे बघितलं नाही तरी चालायचं. नवी मुळंही मॉसमध्ये लवकर सुटतात, निदान माझ्याकडे तरी सुटायची. शिवाय झाड पहिल्या दिवसापासून घट्ट उभं राहतं. तैवानमधले मोठे उत्पादक फॅलेनॉप्सिस मॉसमध्येच वाढवतात, नेदरलँड्समधले सालीच्या मिश्रणात, आणि फुलं दोन्हीकडे ढिगाने येतात. त्यामुळे यातली एक पद्धत शास्त्रशुद्ध आणि दुसरी अडाणी, असं कोणी ठासून सांगत असेल तर थोडं सबुरीने घ्यावं. त्या लोकांच्या हातात हवा, पाणी आणि तापमान तिन्ही असतं. आपल्या हातात एक खिडकी असते.

आता माझ्या तक्रारीकडे येतो.

शेतीत ‘वाफसा’ म्हणून एक शब्द आहे. पाऊस पडून गेला, पाणी निथळलं, जमीन ओलसर आहे पण चिखल नाही, कणांच्या मधे हवा खेळते आहे, अशी ती अवस्था. फॅलेनॉप्सिसला जन्मभर नेमका हा वाफसा लागतो. रानात हे झाड दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसतं. लोक त्याला बांडगूळ म्हणतात, पण ते त्या झाडाचं काही खात नाही, नुसता टेकायला आधार घेतं. उघड्यावरच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. पाऊस आला की ते आवरण पटकन पाणी पिऊन घेतं आणि नंतर वाऱ्याने कोरडं होतं. कोरडं असताना मूळ रुपेरी दिसतं, भिजलं की आतला हिरवा रंग वर येतो. पारदर्शक कुंडी वापरायची ती याचसाठी: मुळं रुपेरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी असली की थांबायचं.

मॉसमध्ये हा हिशेब मला कधीच जमला नाही. मॉस बाहेरून आत वाळत येतं. वरचा थर कुरकुरीत होतो, कुंडीच्या भिंतीला टेकलेली मुळं रुपेरी दिसतात आणि मधला गोळा मात्र पिळला तर पाणी निघेल इतका ओला असतो. मी भिंतीकडे बघून पाणी द्यायचो. झाडाचा बुंधा आणि जुनी जाड मुळं मधोमध असतात, तिथे वाफसा कधी येतच नव्हता. मग एका झाडाची खालची पानं लोळायला लागली, त्यांवर सुरकुत्या पडल्या. पान सुरकुतलं म्हणजे झाड तहानलेलं, म्हणून मी पाणी वाढवलं. पानं आणखी लोळली. खरी गोष्ट अशी होती की आतली मुळं कुजली होती, त्यामुळे भोवती पाणी असूनही झाडाला ते पिता येत नव्हतं. तहानलेल्या झाडाची आणि बुडालेल्या झाडाची पानं अगदी सारखी दिसतात. कुंडीतून काढलं तेव्हा मधली सगळी मुळं तपकिरी, पोकळ, बोटाने ओढली तर सालपट हातात आणि आत नुसता दोरा.

बांबूची काडी खुपसून बघा, असं सांगतात. दहा मिनिटांनी काडी काढायची, ओली लागली तर थांबायचं. उपाय चांगला आहे. पण काडी एका जागी कोरडी निघायची, दोन बोटं सरकवून खुपसली की ओली, आणि प्रत्येक वेळी एखादं मूळ भोसकलं की काय अशी धाकधूक. कुंडी उचलून वजनावरून ओळखणारेही आहेत. त्यांचा मला हेवा वाटतो. माझ्या हाताला तो अंदाज तीन वर्षांत आला नाही. मॉस सैल भरलं असतं तर बरं झालं असतं का? बहुधा हो. मी सुरुवातीला ते दाबून भरत होतो, ही चूक माझीच. पण सैल भरलेलं मॉसही वर्ष-दीड वर्षात आपोआप दबतं, आणि मग पुन्हा तीच ओली गाठ.

सालीचे दोष वेगळे आहेत आणि ते पहिल्या दिवशीच दिसतात. कोरडी साल पाणी अक्षरशः झटकून टाकते. वरून ओतलेलं पाणी क्षणात खालून बाहेर, आणि तुकडे आतून कोरडेच. म्हणून भरण्याआधी ती रात्रभर, जमल्यास 24 तास, पाण्यात बुडवून ठेवावी लागते. तुकडे मुळांच्या मधे नीट जाऊन बसत नाहीत, काडीने ढोसावे लागतात, कुंडीला बाहेरून टपल्या माराव्या लागतात, आणि एवढं करूनही झाड पहिले दोन महिने डुलत राहतं. डुललं की नव्या मुळांची टोकं घासून खरचटतात, त्यामुळे काडीचा टेकू हवाच. पाणी पाच-सहा दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. खतही थोडं जास्त लागतं, कारण साल कुजवणारे सूक्ष्मजीव त्यातला नायट्रोजन आधी स्वतःच वापरतात. दीड-दोन वर्षांत तुकडे मऊ पडून भुसा व्हायला लागतो आणि कुंडी पुन्हा बदलावी लागते. तिथे मॉसही काही जास्त टिकत नाही, तेव्हा तो मुद्दा बरोबरीचा धरू.

एवढी यादी वाचून साल घ्यावीशी वाटणार नाही. पण हे सगळे दोष उघड्यावरचे आहेत. साल मला कधी फसवत नाही. कुंडी नळाखाली धरायची, मिनिटभर पाणी वाहू द्यायचं, निथळायला ठेवायची. जास्त झालेलं पाणी उभंच राहत नाही. भिंतीजवळची मुळं रुपेरी असतील तर मधलीही जवळपास तशीच असतात, कारण तुकड्यांच्या मधून हवा सगळीकडे फिरते. पाणी द्यायला विसरलो तर पान थोडं मलूल होतं आणि पाणी मिळाल्यावर हळूहळू सावरतं. मॉसमध्ये माझी चूक कळेपर्यंत तीन महिने गेलेले असायचे.

दोन्ही मिसळून वापरणारे बरेच आहेत आणि त्यांची झाडं छान दिसतात. मी एकदा करून पाहिलं. मॉसचे झुबके ओले, साल कोरडी, आणि पाणी कोणाकडे बघून द्यायचं ते कळेना. साल फारच लवकर वाळते असं वाटलं तर मी वर मॉसचा पातळ थर देतो, तोही बुंध्यापासून लांब. आत मिसळत नाही.

फुलं कशात जास्त येतात, असं विचारलं तर मला तरी फरक दिसला नाही. दांडा येणं तापमानावर अवलंबून असतं. सतत 28 अंशांच्या वर ठेवलेलं फॅलेनॉप्सिस बहुतेकदा दांडा धरतच नाही, मग ते कशातही लावा. तो दोष कुंडीतल्या मालाच्या माथी मारू नये.

तुम्ही साल घेणार असाल तर एक गोष्ट मात्र कराच. विकत आणलेल्या झाडाच्या मुळांच्या अगदी पोटात अनेकदा मॉसचा एक घट्ट बोळा असतो. रोप लहान असताना ते ज्यात वाढवलं तोच तो. बाहेरून साल भरलेली दिसते म्हणून आपण निर्धास्त असतो. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवलं की बोळा सैल होतो, मग चिमट्याने थोडा थोडा काढायचा. दोन मुळं मोडतील, मोडू द्या. चिवट धागे मुळाला चिकटून राहिले तर ओढू नका. मऊ, तपकिरी मुळं तेवढी कापायची. पातं दर झाडाआधी ज्योतीवर धरून घ्यायचं, कारण ऑर्किडचे विषाणू कात्रीवरून एका झाडातून दुसऱ्यात जातात. मॉस हाताळताना बोटांना चीर किंवा ओरखडा असेल तर हातमोजे घाला. त्यातून स्पोरोट्रिकोसिस नावाचा त्वचेचा बुरशीचा आजार क्वचित होतो. आणि मॉसमधून सालीत आलेल्या झाडाला पहिले काही आठवडे थोडं लवकर लवकर पाणी लागतं. ओल्यात वाढलेली मुळं एकदम कोरड्यात आली की रुसतात, एखादं पान पिवळं पडतं. त्याने घाबरून परत मॉसकडे वळू नये.

तुमच्या खोलीची हवा फार कोरडी असेल, दिवसभर एसी चालत असेल, किंवा महिन्यातले दहा दिवस तुम्ही घराबाहेर असाल, तर मी सालीचा फार आग्रह धरणार नाही. तुम्ही पाणी द्यायला नेहमी उशीर करणाऱ्यांपैकी असाल तर मॉस तुमचे लाड करेल. माझी प्रकृती उलटी आहे. झारी हातात आली की मला राहवत नाही, आणि अशा माणसाच्या हातात मॉस देऊ नये.

मॉसचं एक पाकीट मात्र माझ्या कपाटात अजून असतं. ते मुळं कुजलेलं झाड मी टाकलं नव्हतं. कुजकं सगळं कापल्यावर बोटभर लांबीची दोनच मुळं उरली होती. सालीत ते उभंही राहिलं नसतं. म्हणून एका पारदर्शक पेल्याला भोकं पाडली, तळाला घट्ट पिळलेल्या मॉसचा अगदी सैल थर दिला आणि झाड त्यावर नुसतं टेकवून ठेवलं. पाणी फक्त पेल्याच्या कडेने, तेही चमच्याने. सात आठवड्यांनी बुंध्यातून हिरवं टोक फुटलं, मग आणखी दोन. तिन्ही नवी मुळं बोटभर झाली तेव्हा मॉस काढून टाकलं आणि झाड सालीत लावलं.