नवा टेल लॅम्प घेण्याआधी अर्थ मोजून घ्या

पावसाळा लागला की गॅरेजमध्ये ही तक्रार हमखास येते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो, इंडिकेटर टाकला की त्याच्या तालावर मागचा लाल दिवाही उघडझाप करतो, किंवा नुसता ब्रेक दाबला तरी नंबर प्लेटचा दिवा मिणमिणतो. गाडीमालक गोंधळलेला असतो, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो. "लॅम्पच्या आतलं सर्किट गेलंय, अख्खा लॅम्प बदलावा लागेल." "वायरिंग जळलंय." "कंट्रोल युनिट उडालंय." बिल हजारांत जातं आणि दुखणं बहुतेक वेळा अर्थच्या, म्हणजे दिव्याची परतीची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या, एका गंजलेल्या बोल्टपाशी असतं.

हे असं का होतं ते कळलं की कुणी सहजी फसवू शकत नाही. ब्रेकच्या २१ वॅटच्या फिलामेंटमधून गेलेला करंट बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायला हवा. तो रस्ता बंद झाला की करंट त्याच बल्बमधल्या ५ वॅटच्या पार्किंग फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, पार्किंगच्या वायरने दुसऱ्या बाजूच्या दिव्यापर्यंत आणि नंबर प्लेटपर्यंत पोहोचतो आणि तिथल्या धड असलेल्या अर्थमधून उतरतो. म्हणून एक दिवा लावल्यावर भलताच दिवा पेटू लागला, तर पहिला संशय अर्थवरच घ्यायचा.

यातली खरी लबाडी अशी की नवा लॅम्प बसवल्यावर दिवे खरोखर ठीक होतात! कपलर (वायरींचा प्लग) काढून परत दाबताना पिनांवरचा कार्बन खरवडला जातो, किंवा मेकॅनिक गुपचूप बोल्ट घासून घट्ट करतो. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं. काही महिन्यांनी तेच दुखणं परत येतं, तेव्हा "आता वायरिंग" असं उत्तर मिळतं. म्हणून जुना लॅम्प मागून घ्या. फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी तो थेट बॅटरीवर लावून बघा. सगळे बल्ब लख्ख पेटले, तर लॅम्पमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं.

दुसरी युक्ती मीटरच्या आवाजाची. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून एक टोक होल्डरच्या अर्थला आणि दुसरं बॉडीला लावतात. मीटर वाजतो आणि "अर्थ ओके आहे, साहेब" म्हणून विषय मिटवतात. वायरीची एकच तार शाबूत असली तरी मीटर वाजतो, कारण मीटरमधून जाणारा करंट अगदी नगण्य असतो. ५५ वॅटचा हेडलाईट बल्ब १२ व्होल्टला साधारण साडेचार अँपिअर ओढतो. वाटेत ०.२ ओहमचा अडथळा असला तरी ०.९ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात आणि हॅलोजनचा उजेड जवळजवळ चतुर्थांशाने घटतो. मग "मंद पडतोय ना, १००/९० वॅटचा बल्ब टाका" असा सल्ला मिळतो. खराब अर्थवर जास्त करंटचा बल्ब टाकला की होल्डर वितळू शकतो.

खरी तपासणी दिवे चालू ठेवूनच होते. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच धरा, त्यासाठी लांब वायर जोडावी लागली तरी चालेल. दिवा चालू करून लाल टोक होल्डरच्या अर्थ पिनेला लावा. ०.१ ते ०.२ व्होल्ट असेल तर अर्थ चांगला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष तिथेच आहे. आता लाल टोक एकेक पाऊल पुढे न्या. समजा पिनेवर १.८, बोल्टखालच्या थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) १.७ आणि शेजारच्या उघड्या पत्र्यावर ०.०५ आलं. म्हणजे थिंबल आणि पत्रा यांच्यामध्ये १.६५ व्होल्ट अडकलेत. हे आकडे तुमच्या डोळ्यांसमोर दाखवायला जो तयार नाही, त्याला पार्ट बदलू देऊ नका. पत्र्यावरही व्होल्टेज जास्त येत असेल, तर बॅटरीपासून बॉडीला जाणारी निगेटिव्ह पट्टी बघा.

अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत तर अर्थच्या जागेवरच रंग मारलेला असतो. रंगावर बोल्ट कितीही आवळला तरी उपयोग नाही.

दुरुस्ती थोडक्यात सांगायची तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. बोल्ट सोडून पत्रा आणि थिंबल पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, दात असलेला वॉशर घालून आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा, म्हणजे पाणी शिरणार नाही. वायर आतून हिरवी पडली असेल तर स्वच्छ तांबं दिसेपर्यंत मागे कापून नवं थिंबल क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. पीळ मारून टेप गुंडाळू नका. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही.

पैसे आधीच गेले असतील तर पक्कं बिल, जुना पार्ट आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.