जुना फेरफार घरबसल्या मिळाला, चार स्टार
पणजोबांच्या जमिनीचा जुना फेरफार (जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची नोंद) हवा होता, त्यासाठी रेकॉर्ड रूमला दोन हेलपाटे मारले, दोन्ही वेळा "साहेब मीटिंगला गेलेत". शेवटी भाच्याने महाभूमीची, म्हणजे राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या पोर्टलची, 'आपले अभिलेख' साईट उघडून दिली. लॉगिन करायचं, जिल्हा तालुका गाव निवडायचं, अभिलेखाचा प्रकार निवडून गट नंबर टाकायचा आणि सापडलं की कार्टमध्ये, अगदी ऑनलाईन साडी घेतल्यासारखं 😄 कडा फाटलेल्या कागदाची स्कॅन कॉपी आली, पण अक्षर स्पष्ट! चालू सातबारा हवा असेल तर तो वेगळा काढायचा, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. आता पणजोबांच्याही आधीचा एक कागद घरात सापडलाय तो नेमका मोडी लिपीत, वाचणारं कोणी असेल तर सांगा.