वर्गातल्या निनावी सर्वेक्षणासाठी गूगल फॉर्म्स: नाव खरंच लपतं का?

हायस्कूलच्या वर्गात कोणाला सुरक्षित वाटतं आणि कोणाला नाही, हे शिक्षकांनी तोंडी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: सगळं ठीक आहे, सर. जात, धर्म, वंश, घरची भाषा, अपंगत्व, लैंगिक ओळख किंवा गरिबी यांमुळे जी मुलं कडेला पडतात ती चारचौघांत बोलत नाहीतच, पण एकटं गाठून विचारलं तरी मोजूनमापून बोलतात. म्हणून निनावी प्रश्नावलीचा पर्याय सुचतो, आणि त्यासाठी सगळ्यात आधी हाताशी येतं गूगल फॉर्म्स. फुकट आहे, फोनवर चालतं, फार शिकावं लागत नाही. हे परीक्षण तेवढ्याच एका वापराचं आहे. चाचणी किंवा सहलीची संमती यांसाठी ते कसं आहे, तो विषय वेगळा.

निकाल आधीच सांगून टाकतो. साधन चांगलं आहे, पण ते निनावीपणासाठी बनवलेलं नाही. मुलाचं नाव फुटतं ते बहुतेक वेळा ईमेलच्या रकान्यातून नाही, तर शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांतून आणि नंतर उत्तरं हाताळण्याच्या पद्धतीतून.

सेटिंग्जपासून सुरुवात करू, कारण तिथलं काम लवकर संपतं. 'रिस्पॉन्सेस' या भागात 'कलेक्ट ईमेल ॲड्रेसेस'साठी तीन पर्याय आहेत. त्यातला 'डू नॉट कलेक्ट' निवडायचा. शाळेच्या खात्यातून फॉर्म बनवला असेल तर तो फक्त संस्थेतल्या खात्यांना उघडेल अशी मर्यादा बहुधा आधीच लागलेली असते. ती काढून लिंक असलेल्या कोणालाही भरता येईल असं करायचं.

खरी अडचण 'लिमिट टू १ रिस्पॉन्स' या बटणाची आहे. एका मुलाने एकदाच भरावं म्हणून शिक्षक ते हमखास चालू करतात. ते चालू असलं तरी गूगल मुलाचा पत्ता फॉर्मच्या मालकाला देत नाही, हे खरं. पण फॉर्म भरण्यासाठी मुलाला साइन इन करावं लागतं आणि पानाच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा ईमेल पत्ता झळकतो. तो कोणाला दिला जाणार नाही, असं शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. निनावी म्हणून दिलेल्या पानावर स्वतःचंच नाव दिसलं की पंधरा वर्षांचं मूल ती बारीक अक्षरं वाचत बसत नाही. ते 'सगळं ठीक'वर खूण करून मोकळं होतं. म्हणून हे बटण बंदच ठेवा. दोन-चार दुबार उत्तरं आली तर आली. वर्गात हजर मुलं किती आणि आलेली उत्तरं किती एवढं ताडून पाहिलं, तरी गडबड लक्षात येते.

आणखी तीन गोष्टी तपासायच्या. 'व्ह्यू रिझल्ट्स समरी' बंद हवं. ते चालू राहिलं तर फॉर्म भरणाऱ्या प्रत्येक मुलाला सगळ्यांच्या उत्तरांचा गोषवारा उघडता येतो, लिहून दिलेल्या मजकुरासकट. फाइल अपलोडचा प्रश्न अजिबात घालू नका, कारण फाइल जोडताना साइन इन लागतं आणि मुलाचं नाव व पत्ता नोंदला जातो. छळाचा स्क्रीनशॉट मागण्याचा मोह होतो, पण त्याची जागा हा फॉर्म नाही. तिसरी गोष्ट म्हणजे फॉर्मच्या संपादनात कोणाकोणाला घेतलं आहे. ज्याला फॉर्म बदलता येतो त्याला सगळी उत्तरंही दिसतात. प्रश्नांची भाषा तपासायला म्हणून एखाद्या सहकाऱ्याला घेतलं असेल, तर फॉर्म मुलांना देण्याआधी त्याला काढा. हे सगळं झाल्यावर ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे जिथे तुमचं खातं साइन इन झालेलं नसतं तिथे, स्वतः एकदा फॉर्म भरून पाहा. तिथे साइन इन मागितलं तर कुठली तरी सेटिंग राहिली आहे.

आता न बंद होणारी गोष्ट: वेळ. उत्तरं गूगल शीटमध्ये (रकान्यांच्या तक्त्यात) घेतली की पहिल्या रकान्यात तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ येते. ओळीही आलेल्या क्रमानेच लागतात. संगणक कक्षात सगळा वर्ग एकत्र बसून फॉर्म भरत असेल, तर सगळ्यात शेवटी कोण देणार हे शिक्षकांना आधीच माहीत असतं: स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) वापरणारी मुलगी, वाचायला वेळ लागणारा मुलगा, शिकवण्याच्या भाषेत नवीन असलेलं मूल. म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांचीच ओळ शीटच्या तळाशी ओळखू येते. यावर दोन उपाय आहेत. फॉर्म २-३ दिवस उघडा ठेवून मुलांना सवडीने भरू द्या, किंवा वर्गातच भरायचा असेल तर सबमिट सगळ्यांनी एका खुणेवर दाबायचं असं आधीच सांगा. नंतर वेळेचा रकाना सोडून बाकीचे रकाने दुसऱ्या शीटमध्ये नुसती मूल्यं म्हणून चिकटवा आणि डेटा मेन्यूतल्या 'रँडमाइझ रेंज'ने ओळी विस्कटून घ्या. लिहून दिलेल्या उत्तरांचा रकाना वेगळा विस्कटायचा, म्हणजे ते वाक्य आणि त्याच मुलाच्या बाकीच्या खुणा यांची सांगड तुटते. मूळ शीटकडे मग वळूनही पाहायचं नाही. हे शेवटचं मात्र कुठल्या बटणाने होत नाही.

मोठा धोका प्रश्नांत असतो. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं की पिन कोडसारखा पाच आकडी झिप कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना एकेकटं ओळखता येण्याची शक्यता आहे. तो हिशोब अख्ख्या देशाचा होता. ४० मुलांच्या वर्गात लिंग, घरची भाषा आणि अपंगत्व असे तीन प्रश्न विचारले की नाव विचारायची गरजच उरत नाही. तरीही 'सर्वसमावेशक' म्हणून मिळणाऱ्या तयार नमुन्यांत हेच प्रश्न सुरुवातीला, तेही सक्तीचे, असतात.

एका वर्गापुरतं सर्वेक्षण असेल तर ओळखीचे प्रश्न विचारूच नका. गटवार चित्र हवंच असेल तर पूर्ण इयत्तेचं किंवा शाळेचं सर्वेक्षण एकत्र करा, आणि ज्या गटात ५ पेक्षा कमी मुलं आहेत त्याचा आकडा वेगळा काढू नका. १० ची मर्यादा ठेवली तर आणखी बरं. त्यातही दोन फटी राहतात. गटातल्या सगळ्यांनी एकच उत्तर दिलं असेल, तर गट कितीही मोठा असो, प्रत्येकाचं उत्तर उघडं पडतं. आणि इयत्तेचा तक्ता व बाकीच्या तुकड्यांचे तक्ते दोन्ही छापले, तर नुसत्या वजाबाकीने लपवलेला आकडा बाहेर येतो. मुख्याध्यापकांना एकच तक्ता द्यावा, तो यासाठी.

'तुला वर्गात सुरक्षित वाटतं का?' या प्रश्नाने काही हाती लागत नाही. 'हो' आलं तर समाधान, 'नाही' आलं तर पुढे काय करायचं ते कळत नाही. प्रश्न जागेचा, प्रसंगाचा आणि वारंवारतेचा हवा. उदाहरणार्थ: गेल्या २ आठवड्यांत गटकामाच्या वेळी तुला गटात घ्यायला कोणी तयार नव्हतं, असं किती वेळा झालं? पर्याय: एकदाही नाही, एक-दोनदा, दर आठवड्याला, जवळजवळ रोज, सांगायचं नाही. याच साच्यात नावाचा मुद्दाम केलेला चुकीचा उच्चार, चिडवण्याचं नाव, मोठ्याने वाचायला लावल्यावर झालेलं हसू, फी किंवा साहित्य नसल्याचा सगळ्यांदेखत उल्लेख, स्वच्छतागृहात जायची भीती, खेळाच्या तासाला कपडे बदलण्याची जागा, कोणी अपमानकारक शब्द वापरला तेव्हा शिक्षक काही बोलले की नाही, हे सगळं बसतं. उत्तर आलं की उपायही दिसतो. गटाचा प्रश्न असेल तर गट शिक्षकांनी पाडायचे, कपडे बदलण्याचा असेल तर जागा किंवा वेळ वेगळी द्यायची.

असे १० ते १२ प्रश्न पुरेत. त्याहून लांबलं की शेवटच्या प्रश्नांना घाईत काहीही उत्तरं येतात. 'रिक्वायर्ड', म्हणजे उत्तर सक्तीचं करणारं बटण, एकाही प्रश्नाला लावू नका. एक ओळ वगळण्याची मुभा नसेल तर मूल फॉर्म सोडून देतं किंवा खोटं लिहितं. ग्रिड प्रकारचा, म्हणजे ओळी आणि रकान्यांच्या तक्त्यातला, प्रश्न टाळा: फोनवर त्याचे रकाने पडद्याबाहेर जातात आणि स्क्रीन रीडरवर कुठल्या ओळीत आपण आहोत ते हरवतं. साधे, एकेक विचारलेले बहुपर्यायी प्रश्न दिसायला कंटाळवाणे असले तरी चालतात.

लिहिण्याची मोकळी जागा एकच ठेवा, शेवटी. अक्षर लपलं तरी वाक्याची धाटणी लपत नाही, म्हणून तिथे आलेलं काहीही वर्गात वाचून दाखवू नका, चांगलं असलं तरी. पहिल्या वाक्यालाच अर्धा वर्ग एका बाकाकडे वळून पाहतो. आशय आपल्या शब्दांत, तीन-चार मुद्द्यांत सांगा.

निनावीपणाची एक किंमत आहे आणि तिच्यावर या साधनात तोड नाही. 'घरी मारतात' किंवा 'जगावंसं वाटत नाही' असं कोणी लिहिलं, तर त्या मुलापर्यंत परत पोहोचण्याचा मार्गच नसतो. म्हणून फॉर्मच्या सुरुवातीला दोन वाक्यं हवीत: उत्तरं कोण आणि कधी वाचणार, आणि आत्ताच मदत हवी असेल तर कोणाकडे जायचं. उत्तरं त्याच दिवशी वाचली जातील अशी सोय नसेल तर फॉर्म त्या दिवशी देऊच नये; सुट्टीच्या आदल्या दिवशी तर नाहीच. ज्यांना नाव सांगून बोलायचं आहे त्यांच्यासाठी दुसरा, वेगळा फॉर्म करून त्याची लिंक सबमिटनंतर दिसणाऱ्या संदेशात टाकता येते. तो संदेश 'प्रेझेंटेशन' भागात बदलता येतो. आणि 'हे कोणालाही कळणार नाही' असं वचन कुठेच लिहू नका. अनेक देशांत मुलावरच्या अत्याचाराची माहिती कळली तर ती पुढे कळवणं शिक्षकांवर कायद्याने बंधनकारक आहे.

फॉर्मचा मालक कोण, हाही प्रश्न लहान नाही. त्रास शिक्षकांकडूनच असेल तर त्यांच्याच खात्यातला फॉर्म कोण खरा भरणार? समुपदेशक असतील तर फॉर्म त्यांच्या खात्यात हवा; नसतील तर त्या वर्गाला न शिकवणाऱ्या शिक्षकांच्या.

तुलनेसाठी मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स पाहिलं तर तिथे फॉर्म संस्थेपुरता ठेवला की 'रेकॉर्ड नेम'ची खूण आधीच केलेली असते, ती आठवणीने काढावी लागते. एक्सेलमध्ये सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही वेळा येतात, म्हणजे कोणाला किती वेळ लागला तेही दिसतं. या कामासाठी ते गूगलपेक्षा वाईट. पण त्यात इमर्सिव्ह रीडर आहे, जो प्रश्न वाचून दाखवतो आणि अक्षरं सुटी, मोठी करून दाखवतो. वाचनाची अडचण असलेली मुलं वर्गात असतील तर हा फायदा हलका नाही. मेंटीमीटरसारखी साधनं, जिथे उत्तरं येतील तशी पडद्यावर झळकतात, ती या विषयाला मुळीच नकोत.

छोट्या वर्गासाठी, २० च्या आत मुलं असतील तर, छापील कागद गूगलला हरवतो. नुसत्या खुणा, सगळ्यांना एकसारखं पेन, घडी घालून पेटीत आणि पेटी हलवून मग उघडायची. ना वेळ, ना क्रम. फक्त एखाद्या मुलाला कागद वाचता किंवा खूण करता येत नसेल आणि त्या एकट्यालाच संगणक दिला, तर त्याचं उत्तर वेगळं पडतं. तिथे सगळ्यांनाच संगणक द्यावा लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं कलम १२ मुलांचं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क मान्य करतं. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये त्याची चार अंगं मांडली: बोलायला जागा, आवाज, ऐकणारा आणि परिणाम. या फॉर्ममधून पहिली दोन बऱ्यापैकी मिळतात. उरलेल्या दोघांसाठी आठवड्याभरात वर्गाला सांगावं लागतं की काय ऐकलं, कोणती एक गोष्ट सोमवारपासून बदलेल आणि कोणती लगेच बदलता येणार नाही, का नाही. हे न करता पुढच्या सत्रात पुन्हा फॉर्म दिला तर कोरी उत्तरं वाढतात.

काम झालं की उत्तरं पुसायची. फॉर्ममधली उत्तरं काढली तरी जोडलेल्या शीटमधल्या ओळी तशाच राहतात, आणि शीटमधल्या काढल्या तरी फॉर्ममध्ये राहतात. दोन्ही जागा वेगवेगळ्या साफ कराव्या लागतात. काढून टाकलेली शीट ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस पडून असते, तीही लगेच रिकामी करा.