पायाचा रक्तपुरवठा: बायपास, फुगा की मूळपेशी?

रात्री आडवे झाले की पाऊल ठणकते, पाय खाटेखाली सोडून बसले की थोडा उतार पडतो आणि अंगठ्याची जखम महिना उलटला तरी भरत नाही, अशा पायाचा रक्तपुरवठा तुटल्याच्या अवस्थेत सोलापुरातील रुग्णाचे नातेवाईक बायपास (तुंबलेल्या भागाला वळसा घालून रक्ताची नवी वाट जोडणे), अँजिओप्लास्टी (आतून फुगा फुगवून वाहिनी रुंदावणे) आणि मूळपेशींचे (स्टेम सेल) इंजेक्शन हे तीन पर्याय एकाच तागडीत घालतात. माझ्या मते ही तुलनाच चुकीच्या जागी सुरू होते.

मोठी रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी) ठरावीक जागी तुंबली असून तिच्या पुढचा मार्ग मोकळा असेल, तर ती उघडणे किंवा तिला वळसा घालणे हाच पहिला उपाय, कारण रक्त लगेच पुढे जाऊ लागते. रुग्णाच्या स्वतःच्या पायाची चांगली शीर वापरता येत असेल तर बायपास सरस ठरतो, असे बायपास आणि अँजिओप्लास्टी यांची तुलना करणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय चाचणीत दिसले. मात्र हृदय अशक्त असलेल्या माणसाला फुग्याची अँजिओप्लास्टीच अधिक झेपते.

विडी-तंबाखूने जडणाऱ्या बर्जर आजारात गुडघ्याखालच्या बारीक रोहिण्या बंद होतात आणि बायपासचे दुसरे टोक जोडायला बहुधा जागाच उरत नाही. मूळपेशींचा विचार खरा येथे येतो. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतील पेशी वाढवून तयार केलेल्या ‘स्टेमप्युसेल’ या औषधाला भारतात २०१६ मध्ये मर्यादित आणि २०२० मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. ते पोटरीच्या स्नायूत अनेक ठिकाणी टोचतात. पेशींतून स्रवणाऱ्या घटकांमुळे नव्या सूक्ष्म वाहिन्या फुटाव्यात, ही अपेक्षा असते. त्याला आठवडे, महिने लागतात. म्हणून जंतुसंसर्ग घोट्याकडे चढत असेल, तर या उपायाची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे.

पुरावाही एकमुखी नाही. नेदरलँड्समधील १६० रुग्णांच्या ‘जुव्हेंटास’ चाचणीत रुग्णाची स्वतःची मज्जापेशी रोहिणीतून देऊनही पाय कापावे लागण्याचे प्रमाण घटले नाही. पेशी आणि देण्याची पद्धत वेगळी होती हे खरे, तरी ‘पाय वाचेलच’ अशी हमी कोणी देत असेल तर सावध राहावे. शिवाय बर्जरच्या रुग्णाने विडी चालूच ठेवली, मिसरी लावणे सोडले नाही, तर यांपैकी कशावरही पैसे घालण्यात अर्थ नाही; तंबाखू पूर्ण सोडणाऱ्यांचे पाय बहुधा वाचतात, आणि त्याला खर्च शून्य आहे.

निर्णयाआधी सीटी अँजिओग्राफी रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांना दाखवून एवढेच विचारावे: ‘घोट्यापाशी एखादी रोहिणी मोकळी आहे का?’ असेल तर बायपासचे टोक जोडायला जागा आहे. पायाचा रक्तपुरवठा तपासण्यासाठी घोट्यापाशी रक्तदाब मोजतात; मधुमेह्यांनी केवळ त्यावर विसंबू नये. कडक झालेल्या रोहिण्यांमुळे तो खोटाच चांगला येतो.