दृष्टिहीनाच्या बोटांना साजेसे पास-थ्रू क्रिम्पिंग टूल

सहा महिन्यांपूर्वी मी नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानातून पास-थ्रू प्रकारचे क्रिम्पिंग टूल, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणारी पक्कड, आणि त्याला लागणारे आरजे-४५ कनेक्टर, म्हणजे नेटवर्कच्या केबलच्या टोकाला बसणारे प्लास्टिकचे प्लग, आणले. मला अजिबात दिसत नाही. तरीही तेव्हापासून घरातल्या नेटवर्कच्या सगळ्या केबल मीच तयार करतो.

साध्या कनेक्टरमध्ये आठही तारा टोकापर्यंत पोहोचल्या की नाहीत, हे पारदर्शक प्लास्टिकमधून डोळ्यांनीच बघावे लागते, आणि एखादी मागे राहिली असेल तर मला ते क्रिम्प करून झाल्यावरच कळायचे. पास-थ्रू कनेक्टरमध्ये तारा पुढच्या भोकांतून बाहेर येतात. त्या मी नखाने एकेक करून मोजतो, शंका आली तर सगळ्या मागे ओढून पुन्हा घालतो, आणि खात्री पटल्यावरच टूल दाबतो. त्याच दाबात पुढे आलेली टोके पाते कापून टाकते.

राहिला रंगांचा प्रश्न. केबल चालण्यासाठी रंग नव्हे, तर जोड्या महत्त्वाच्या असतात: १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ या जागांवर एकमेकींना पीळ घातलेल्या तारा आल्या पाहिजेत आणि दोन्ही टोकांना क्रम एकच हवा. म्हणून जोडी पूर्ण सुटी होण्याआधीच मी ती बोटांत वेगळी धरून ठेवतो. पहिले टोक असे क्रिम्प झाले, की मल्टिमीटरची (तार जोडलेली असली की बझर वाजवणाऱ्या मापकाची) एक पिन त्याच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर टेकवायची आणि दुसरी पिन मोकळ्या टोकाकडच्या एकेका तारेच्या उघड्या तांब्याला लावत जायची. बझर वाजला की ती पहिली तार. कनेक्टरचा खटका खाली आणि तोंड आपल्यापासून दूर धरले, तर पहिली जागा डावीकडे येते. जोडी फुटलेली असली, म्हणजे एकमेकींना पीळ घातलेल्या तारा वेगवेगळ्या जोड्यांच्या जागी गेल्या, तरी बझर बिनचूक वाजतो आणि केबल मात्र वेगात अडखळते, म्हणून जोड्यांची काळजी आधीच घेतलेली बरी.

टूलची पकड घट्ट आहे आणि दाब पूर्ण होईपर्यंत ते सुटत नाही, हे मला फार आवडले. पाते मात्र लवकर बोथट झाले. कापल्यावर तांब्याचे बारीक टोक पुढे राहिले तर शेजारच्या तारेला लागू शकते, त्यामुळे दर वेळी कनेक्टरच्या तोंडावरून बोट फिरवून बघावे लागते. सोबत मिळालेला केबल तपासायचा टेस्टर केवळ दिवे लावतो, आवाज करत नाही. माझ्यासारख्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यात आवाजाची सोय देणे अवघड नव्हते, आणि ती नाही याचे मला खरोखर वाईट वाटते.

कॅट ६ या जास्त वेगाच्या नेटवर्क केबलच्या तारा बहुधा जाड असतात, तेव्हा कनेक्टर त्याच मापाचे मागावेत. केबलही शुद्ध तांब्याचीच घ्यावी, कारण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार सरळ करतानाच बोटांत तुटते. दुकानदार भाऊंनी दोन्ही प्रकारचे तुकडे मला हातात घेऊन वाकवून बघू दिले.