होस्ट मार्करसाठी रक्त घ्यावं की नाकातला स्वॅब?

तुमच्या अभ्यासात व्हायरस शोधण्याऐवजी शरीराचा इंटरफेरॉन रिस्पॉन्स (व्हायरसविरुद्ध शरीर जी प्रोटीन्स सोडतं तो प्रतिसाद, म्हणजेच होस्ट मार्कर) मोजायचा, इथपर्यंत तुमचं ठरलंय असं धरतो. आता सॅम्पल कुठलं घ्यायचं?

रक्ताची बाजू तगडीच आहे. आयएफआय४४एल आणि एफएएम८९ए ही दोन जीन्सची जोडी २०१६ पासून चर्चेत आहे, ताप आलेल्या मुलांमध्ये व्हायरल की बॅक्टेरियल हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं. ट्रेल, आयपी-१० आणि सीआरपी ही रक्तातली तीन प्रोटीन्स मिळून स्कोअर देणारं मशीनही आलंय. अँटिबायोटिक द्यायचं की नाही एवढाच प्रश्न असेल तर माझ्या मते रक्तच बरं.

पण लहान मुलांचं रक्त काढणं! माझं सगळं तिथेच ठरलं. जीन्स मोजायला लागणाऱ्या आरएनए ट्यूबला (आत आरएनए टिकवणारं केमिकल असतं) अडीच मिली रक्त लागतं, समोर दीड-दोन वर्षांचं तापानं फणफणलेलं बाळ, शीर सापडत नाही, सिस्टर दुसरा हात बघतात, बाळ रडून लाल, आणि संमतीपत्रावर सही करून दिलेली आईच म्हणते "राहू द्या हो डॉक्टर, आता नको", आणि तिचं काही चुकत नसतं. ट्यूब अर्धीच भरली तर आतल्या केमिकलचं प्रमाण बिघडतं, ते सॅम्पल धड नाही. एमएक्सए या व्हायरल मार्करला बोटाचा थेंब पुरतो हे खरं, पण ते पेशींच्या आतलं प्रोटीन, त्यामुळे लॅबमध्ये उरलेल्या सीरमवर (पेशी काढून टाकलेल्या रक्तावर) काम भागत नाही.

स्वॅब मात्र पीसीआरसाठी तसाही घेतलेला असतो. उरलेल्या व्हीटीएममध्येच (स्वॅब ज्यात ठेवतात त्या द्रवात) सीएक्ससीएल१०, म्हणजे तेच आयपी-१०, एलायझाने (प्रोटीन मोजायची लॅब टेस्ट) मोजा, वेगळी सुई नाही. येलच्या टीमने मार्च २०२० मधले, पॅनेल (ठरावीक व्हायरसेसची एकत्र पीसीआर टेस्ट) निगेटिव्ह पण सीएक्ससीएल१० वाढलेले स्वॅब नंतर तपासले तर कोरोनाच्या तेव्हा निसटलेल्या ४ केसेस सापडल्या. पॅनेलमध्ये नसलेल्या व्हायरसचीही चाहूल लागते हे मला फार मोलाचं वाटतं.

अडचणी आहेत. कोणी स्वॅब नीट फिरवतं, कोणी नुसता टेकवतं, त्यामुळे प्रोटीनचे आकडे हलतात, आरएनए असेल तर हाउसकीपिंग जीनवर (सगळ्या पेशींत साधारण सारखाच असणारा जीन) सावरून घेता येतं. शिवाय बालवाडीतली मुलं लक्षणं नसतानाही व्हायरस घेऊन फिरतात आणि नाक त्यालाही रिस्पॉन्स देतं, म्हणून आकडा वाढला की हाच आजार असं लगेच म्हणू नका.

आयसीयूतल्या मोठ्या पेशंटवर काम असेल तर रक्तच घ्या, तिथे लाइन (रक्तवाहिनीत बसवलेली नळी) लावलेलीच असते. मुलांच्या ओपीडीत असाल तर एथिक्स कमिटीच्या अर्जातच उरलेला स्वॅब वापरायची परवानगी मागून ठेवा, नंतर मागायला गेलात की महिने जातात.