पाटी दुकानाच्या दारावर, पिस्तूल गाडीत: केबलवाल्या पोलादी पेटीचं परीक्षण

टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगणाऱ्याला दुकानाच्या दारावर बंदीची पाटी दिसली की दोनच मार्ग राहतात. दुकान बदलायचं, नाहीतर पिस्तूल गाडीत ठेवून आत जायचं. दुसऱ्या मार्गासाठी सहज मिळणारी वस्तू म्हणजे सीटखाली केबलने अडकवायची लहान पोलादी पेटी. गनव्हॉल्टची नॅनोव्हॉल्ट, बुलडॉगच्या कार सेफ आणि याच घाटाच्या इतर पेट्यांची जात एकच: सपाट पत्र्याची पेटी, आत फोम, एक कुलूप आणि प्लास्टिकचं वेष्टन असलेली केबल. किंमत साधारण ३० ते ६० डॉलर. या जातीच्या पेटीचं हे परीक्षण आहे.

निकाल आधीच सांगतो. पेटी घ्यावी. मात्र तिची किंमत कुलपात नाही, केबल कुठे अडकवली यात आहे. केबल चुकीच्या जागी बांधली तर चोराला पिस्तूल डब्यासकट मिळतं आणि तो डबा तो घरी जाऊन निवांत फोडतो.

आधी पाटीबद्दल, कारण पेटी कधी उघडायची हे तीच ठरवते. टेक्सासच्या दंडसंहितेत तीन कलमं आहेत. ३०.०६ पिस्तूल लपवून बाळगणाऱ्या परवानाधारकाला लागू (हा परवाना म्हणजे ‘लायसन्स टू कॅरी’, एलटीसी). ३०.०७ उघडपणे बाळगणाऱ्या परवानाधारकाला लागू. २०२१ च्या १ सप्टेंबरपासून विनापरवाना बाळगण्याची मुभा मिळाली, त्या लोकांसाठी ३०.०५. पहिल्या दोन पाट्यांचा मजकूर कायद्यात शब्दशः दिला आहे: इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, किमान १ इंच उंचीची ठळक अक्षरं, पार्श्वभूमीहून वेगळा रंग आणि लोकांना स्पष्ट दिसेल अशी जागा. म्हणूनच या पाट्या इतक्या मोठ्या असतात की काही दुकानांचं अर्धं काचेचं दार त्यांनीच भरतं. पिस्तुलावर लाल रेघ मारलेलं नुसतं गोल चित्र परवानाधारकाला ३०.०६ ची नोटीस ठरत नाही. एकट्या ३०.०५ च्या पाटीविरुद्धही परवानाधारकाला कायद्याने बचाव दिला आहे. पण दुकानदाराने ‘पिस्तूल आत नको’ असं तोंडी सांगितलं, तर तेवढी नोटीस पुरेशी आहे. पाटीकडे दुर्लक्ष करून आत गेल्यास २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही न निघाल्यास क्लास ए मिसडिमिनर, म्हणजे एक वर्षापर्यंत तुरुंग. आमच्या मते नुसतं गोल चित्र असलं तरी मालकाची इच्छा कळली आहे, तेव्हा पिस्तूल गाडीतच ठेवावं. अक्षरं पाऊण इंचाची आहेत का हे मोजत बसणं शोभत नाही.

लाल ‘५१%’ ची पाटी वेगळी. जागेवर प्यायच्या दारूतून निम्म्याहून जास्त उत्पन्न मिळवणाऱ्या बारवर ती असते आणि तिथे परवाना असला तरी पिस्तूल नेता येत नाही. निळी पाटी किराणा दुकानांत आणि दारू मिळणाऱ्या रेस्टॉरंटांत दिसते. ती परवानाधारकाला अडवत नाही. या दोन रंगांत गफलत करू नका.

आता पेटी. खरेदी करताना लोक बाहेरचं माप बघतात, तिथेच फसतात. सगळ्यात सडपातळ पेटीची बाहेरची जाडी पावणेदोन इंच, म्हणजे ४४ मिलिमीटर. पत्रा आणि फोम वजा केला की आत चाळिशीच्या आतच जागा उरते. ग्लॉक १९ ची रुंदी ३४ मिलिमीटर. नुसतं पिस्तूल मावतं, होल्स्टरसकट (कमरेला लावायच्या म्यानासकट) मावत नाही, कारण कायडेक्सच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, दोन भिंती आणि पट्ट्याची क्लिप धरली की माप सहज ४५ च्या पुढे जातं. आणि पिस्तूल होल्स्टरसकटच पेटीत गेलं पाहिजे. ट्रिगर झाकलेला राहतो आणि भरलेल्या पिस्तुलाला पुन्हा पुन्हा हात लागत नाही. पार्किंगमध्ये, अरुंद सीटवर बसून पिस्तूल होल्स्टरमधून काढायचं, ठेवायचं, परतल्यावर पुन्हा खोचायचं, ही हाताळणीच अपघाती गोळी सुटण्याची जागा आहे. ग्लॉक ४३एक्स (२८ मिलिमीटर) किंवा सिग पी३६५ सारख्या सडपातळ पिस्तुलाला लहान पेटी पुरते. ग्लॉक १९ आणि त्याहून मोठ्याला एक माप वरची घ्या. स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम दाखवणारी काच, असेल तर उंचीही मोजा. झाकण मिटताना रेड डॉटच्या काचेवर दाब येतो असं दिसलं तर ती पेटी परत करा.

झाकण पुरतं न बसणं हा या पेट्यांचा ठरलेला दोष आहे. क्लिप फोमवर चढते, झाकण केसभर वर राहतं, किल्ली फिरते पण कुलपाचा खिळा अर्धाच अडकतो. मालकाला पेटी बंद वाटते. दर वेळी कुलूप लावल्यावर झाकणाच्या दोन्ही कोपऱ्यांना नख लावून ओढून बघा. केबलचं एक टोक झाकणाच्या खाचेतून आत जातं आणि झाकण मिटल्यावर अडकतं; ते खाचेत तिरकं बसलं तरी हाच प्रकार होतो.

पत्रा किती जाड? जाहिरातीत ‘१८ गेज’, ‘१६ गेज’ असतं. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड: १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर, १६ म्हणजे १.५, १२ म्हणजे २.७. दीड मिलिमीटरच्या पत्र्यात मोठा स्क्रू ड्रायव्हर खुपसून झाकण उचकटता येतं, हे स्वीकारूनच पैसे द्या. ५-६ मिलिमीटरची केबल बोल्ट कटरने एका दाबात तुटते. मग उपयोग काय? काच फोडून हात घालणारा चोर बहुतेक वेळा रिकाम्या हाताने आलेला असतो. ग्लव्ह बॉक्स (डॅशबोर्डमधला कप्पा), कन्सोल (पुढच्या दोन सीटमधला कप्पा), सीटखाली हात फिरवतो आणि पळतो. ही पेटी त्याच्यासाठी आहे. हत्यारं घेऊन आलेल्यासाठी नाही.

केबल कुठे अडकवायची? सीट ज्या पोलादी चौकटीवर आणि ब्रॅकेटवर जमिनीला जोडलेली असते, तिच्या बंद कडीतून. सीटखालच्या तारेच्या स्प्रिंगला अडकवू नका, ती पक्कडीने सुटते. उघड्या हुकाला तर अजिबात नको. केबल आपल्याच फासातून ओवून घट्ट आवळा आणि शक्य तितकी आखूड ठेवा. लांब केबल राहिली की पेटी बाहेर ओढून पायाने दाबायला आणि उचकटायला जागा मिळते. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात. त्यांच्या तारांच्या जवळून केबल नेऊ नका. हीटर आणि सीटच्या सेन्सरच्या ताराही तिथेच असतात.

विजेवर सरकणाऱ्या सीटचा धोका वेगळा. कित्येक गाड्यांत इंजिन बंद केलं की उतरायला सोपं जावं म्हणून सीट आपोआप मागे जाते. केबल रुळाच्या आड आली तर चेपते, पेटी मोटरला अडते, आणि तारा कापल्या गेल्या तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटतो. पेटी बसवल्यावर सीट दोन्ही टोकांपर्यंत सरकवून बघा, मेमरीची बटणंही दाबून बघा. अडकत असेल तर ती सोय सेटिंगमध्ये बंद करा किंवा पेटी शेजारच्या सीटखाली न्या. सीटचे बोल्ट मात्र ढिले करू नका.

कुलपाच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे: किल्लीचं किंवा यांत्रिक बटणांचं कुलूप घ्या, बोटाचा ठसा आणि बॅटरीवालं नको. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात बंद गाडीचं तापमान ६० अंश सेल्सियसच्या घरात जातं. त्या उकाड्यात रिचार्जेबल बॅटरी लवकर मरते, साधे सेल गळतात, आणि घामेजलेल्या बोटाला सेन्सर ओळखत नाही. स्वस्त किल्लीचं कुलूप जाणकाराला पिन घालून उघडता येतं हे खरं, पण काच फोडणारा इतका वेळ देत नाही. किल्ली गाडीच्या जुडग्यात ठेवू नका. रेस्टॉरंटच्या व्हॅलेला (गाडी पार्क करून देणाऱ्याला), गाडी धुणाऱ्याला किंवा सर्व्हिस सेंटरला जुडगा दिला की पेटीही दिली.

फोमचं दुखणं हळू वाढतं. उन्हाने गोंद सुटतो, फोम सरकून खिळ्याच्या आड येतो, आणि दमट हवेत तो ओल धरून ठेवतो. पिस्तुलाच्या ज्या बाजूला फोम लागतो तिथेच स्लाइडवर तांबूस ठिपके येतात. तळाचा फोम काढून पातळ रबरी मॅट कापून बसवा आणि सिलिका जेलची पुडी टाका. काडतुसांना या उष्णतेने लगेच काही होत नाही, पण महिनोन् महिने गाडीत पडलेली काडतुसं बदलत राहा.

पेटी कशी वापरायची हे पेटीइतकंच महत्त्वाचं. पाटी असलेल्या ठिकाणी जायचं आहे हे माहीत असेल तर पिस्तूल घरूनच पेटीत ठेवून निघा. नाहीतर वाटेत आडबाजूला थांबून, दारं लावून, पट्टा सैल करून होल्स्टरसकट काढा. नळी इंजिनाकडे आणि जमिनीकडे, शेजारी बसलेल्याच्या पायाकडे नव्हे. दुकानासमोर गाडी लावून हे केलं तर बघणाऱ्याला नेमकं कळतं की पुढचा अर्धा तास पिस्तूल कोणत्या गाडीत आणि कुठे आहे. बंदूक कंपनीचं स्टिकर मागच्या काचेवर लावणं हेही याच कारणाने टाळा. रात्री पेटी रिकामी असली पाहिजे. ही दुकानात जाऊन येण्यापुरती सोय आहे, घरच्या तिजोरीची जागा ती घेत नाही.

एवढा आग्रह का? अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा फार मोठा वाटा उभ्या गाड्यांतून जातो. जून २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका संघीय रेंजरच्या गाडीतून पिस्तूल चोरीला गेलं आणि चार दिवसांनी, १ जुलैला, त्याच पिस्तुलाच्या गोळीने पिअर १४ वर फिरायला आलेली एक तरुणी मेली. कॅलिफोर्नियात आता सोडून गेलेल्या गाडीतलं पिस्तूल डिकीत किंवा नजरेआड, कुलूपबंद पेटीत असावं लागतं, आणि ग्लव्ह बॉक्स तिथे पेटी म्हणून धरला जात नाही. इलिनॉयमध्ये बंदीची पाटी ४ बाय ६ इंचांची ठरावीक नमुन्याची असते आणि पिस्तूल कुलूपबंद गाडीत किंवा गाडीतल्या कुलूपबंद पेटीत, नजरेआड ठेवायचं असतं. टेक्सासमध्ये मोठ्यांसाठी अशी सक्ती नाही, पण १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागू दिलं तर तो कलम ४६.१३ खाली गुन्हा आहे. मुलं मागच्या सीटवर असतात. केवळ त्यासाठीही पेटीचे पैसे वसूल होतात.

शाळेजवळचा नियम पुष्कळांच्या ध्यानात नसतो, आणि गणपतीचा किंवा दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात असला की तो आपल्यालाच लागू पडतो. शाळेच्या इमारतीत पिस्तूल नाहीच. शिवाय संघीय कायद्याने शाळेच्या आवारापासून १,००० फुटांत पिस्तूल बाळगायला त्याच राज्याचा परवाना लागतो. विनापरवाना बाळगणाऱ्याचं पिस्तूल तिथे रिकामं आणि कुलूपबंद पेटीतच हवं. त्यामुळे टेक्सासची मुभा असूनही ४० डॉलर फी भरून एलटीसी काढणं शहाणपणाचं आहे.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्या लोकांसाठी. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. घरात एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याकडे व्हिसा असेल तर पेटीची किल्ली किंवा नंबर व्हिसावाल्याकडे देऊ नका. हात न लावताही, उघडण्याची सोय आपल्या हाती आहे एवढ्यावरून ताबा मानला जाऊ शकतो, आणि त्याचे परिणाम थेट इमिग्रेशनवर होतात. म्हणून अशा घरात नंबरच्या कुलपापेक्षा किल्लीचं कुलूप बरं.

जास्त पैसे खर्च करायचे असतील तर कन्सोल व्हॉल्टसारखी, गाडीच्या मॉडेलप्रमाणे बनवलेली आणि कन्सोलच्या आत मूळ बोल्टच्या जागी कसायची तिजोरी घ्या. पत्रा १२ गेजचा, केबल नाही, बाहेरून दिसत नाही. किंमत केबलच्या पेटीच्या कित्येक पट, आणि गाडी बदलली की बहुधा निरुपयोगी. पिकअप किंवा मोठी एसयूव्ही वर्षानुवर्षं वापरणाऱ्याला ती परवडते. भाड्याच्या गाडीत किंवा दोन गाड्यांत आलटून पालटून वापरायची असेल तर केबलवालीच घ्यावी.

केबलची पेटी सुटी निघत असल्याने काही जण ती विमानप्रवासाच्या बॅगेतही वापरतात. अमेरिकेतल्या प्रवासात पिस्तूल रिकामं, कडक आवरणाच्या कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात आणि काउंटरवर सांगून न्यावं लागतं. झाकण कोपऱ्यातून उचकून बोट आत जाईल अशी पेटी तिथे नाकारली जाते. भारतात जाताना मात्र ही पेटी, तिचा फोम किंवा रेंजवर नेलेली कोणतीही बॅग सामानात घेऊ नका. फोमच्या चिरेत अडकलेलं एक काडतूस मुंबई विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसलं तर शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो, आणि ‘चुकून राहिलं’ हे पटवून देईपर्यंत कोर्टाच्या तारखा पडत राहतात.